न झालेल्या सहीचा हिशेब

बर्फावर काळा चष्मा नसेल तर डोळे जातात. वरून ऊन पडतं, बर्फावर आपटतं आणि खालून पुन्हा डोळ्यांत शिरतं. बुबुळ भाजून निघतं. माणसाला दोन-दोन दिवस डोळे उघडता येत नाहीत. अठरा हजार फुटांवरच्या पोस्टवर, कड्याच्या काठावर, दोन दिवस आंधळं होऊन बसणं म्हणजे काय, याची कल्पना घरात पंख्याखाली बसूनही करता येते.

हा चष्मा म्हणजे काही लढाऊ विमान नव्हे. त्याला इंजिन लागत नाही, तंत्रज्ञान देशाबाहेरून मागावं लागत नाही. तरीही तो वेळेवर पोचला नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये कॅगचा, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल संसदेत मांडला गेला. सियाचीन, लडाखसारख्या अतिउंच भागातल्या जवानांना काय मिळालं आणि काय मिळालं नाही, याची ती तपासणी होती. बर्फाच्या चष्म्यांची तूट ६२ ते ९८ टक्के. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात तिथे लागणारे खास बूट मिळालेच नाहीत, म्हणून वापरलेले बूट पुन्हा वापरात काढावे लागले. मास्क, जाकिटं, स्लीपिंग बॅगा आल्या, त्या जुन्या नमुन्याच्या. खरेदीला चार-चार वर्षं उशीर झालेला.

तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे म्हणाले की अहवालातली स्थिती जुनी आहे, आता तसं नाही. त्यांच्या शब्दावर माझा विश्वास आहे. पण त्या हिवाळ्यात दुसऱ्याने वापरलेले बूट घालून ज्याने पहारा दिला, त्याच्या बोटांना अहवालाचं साल सांगून काय उपयोग?

माझा आतेभाऊ पायदळातून हवालदार होऊन निवृत्त झाला. रजा संपत आली की त्याची काळी पत्र्याची ट्रंक ओटीवर यायची. वहिनी कपड्यांच्या घड्या घालायची, आत्या शेंगदाण्याचे लाडू आणि लसणीची चटणी डब्यात भरायची. ट्रंकेच्या एका कोपऱ्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले नवे बूट असत. शेजारी लोकरीच्या पायमोज्यांचे तीन जोड आणि डोक्याला बांधायची बॅटरी. सगळं बाजारातून, स्वतःच्या पगारातून घेतलेलं.

एकदा मी विचारलं, "दादा, हे तुला तिकडे मिळत नाही का?"

"मिळतं की. इंडेंट गेलंय वर. इश्यू आला की तो वापरू." आणि बुटाची नाडी ओढत म्हणाला, "तोवर पाय तर आपलेच आहेत ना?"

इंडेंट म्हणजे मागणीपत्र, इश्यू म्हणजे सरकारकडून मिळणारा माल. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. सैनिक तक्रार करत नाही. त्याला तसं शिकवलेलंच नसतं. म्हणून ती तक्रार आपण करायची असते, आणि आज मी ती करतोय.

चष्म्याकडून जाकिटाकडे येऊ. बुलेटप्रूफ जाकीट ही चैन नाही. काश्मीरमध्ये दार ढकलून घरात शिरणाऱ्या जवानाच्या छातीवर गोळी आणि बरगडी यांच्यामध्ये तेवढंच असतं. २००९ मध्ये १,८६,१३८ जाकिटांची गरज सरकारने मान्य केली. निविदा निघाली २०१२ च्या डिसेंबरात. चाचण्या झाल्या, जाकिटं उतरली नाहीत, निविदा रद्द झाली. २०१६ मध्ये तात्पुरती सोय म्हणून ५०,००० जाकिटं मागवली. मूळ खरेदीचा करार झाला एप्रिल २०१८ मध्ये, किंमत ६३९ कोटी रुपये. आणि करार म्हणजे जाकीट नव्हे. पुरवठ्याला पुढची काही वर्षं.

गरज मान्य झाल्यापासून सही होईपर्यंत नऊ वर्षं. २००९ साली भरती झालेला पोरगा २०१८ साली नाईक झाला असेल, बाप झाला असेल. त्याच्या वाटणीचं जाकीट तेवढं कागदावरच होतं.

ही नऊ वर्षं जातात कुठे? कुणी एक माणूस फाइल दाबून बसतो, असं नसतं. तसं असतं तर त्याला हलवून काम झालं असतं. आधी लष्कर आपल्याला वस्तू कशी हवी त्याची यादी करतं. मग 'गरज मान्य' असा शेरा हवा. मग निविदा, मग कागदावरची तांत्रिक तपासणी, मग चाचण्या. या चाचण्या उन्हाळ्यात वाळवंटात व्हायला हव्यात आणि हिवाळ्यात बर्फात. एक मोसम हुकला की वर्ष गेलं. चाचणीत एकच कंपनी उतरली तर स्पर्धा उरली नाही म्हणून पुन्हा पहिल्यापासून. कुणी उतरलंच नाही, तरी पुन्हा पहिल्यापासून. मग भावाची घासाघीस, मग अर्थखातं, मग सही. या वाटेवरचा प्रत्येक जण आपापलं काम नियमाने करतो, आणि सगळ्यांचं मिळून होणारं काम मात्र नऊ वर्षं होत नाही.

दोष एकट्या मंत्रालयाचाही नाही. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना म्हणाले होते की लष्कराच्या अपेक्षांच्या याद्या मार्व्हलच्या कॉमिक्समधून उचलल्यासारख्या वाटतात. गोव्याच्या या अभियंत्याने दुखणं अचूक ओळखलं होतं. जगात कुठेच एकत्र मिळत नाहीत असे गुण एकाच वस्तूत मागितले, की चाचणीत सगळेच नापास होतात. मग सर्वोत्तमाची वाट बघत जवान काहीच नसलेल्या अवस्थेत पोस्टवर उभा राहतो. आज मिळणारी ऐंशी टक्के चांगली वस्तू ही दहा वर्षांनी मिळणाऱ्या शंभर टक्के वस्तूपेक्षा मोलाची असते. लढणाऱ्याला हे कळतं. यादी करणाऱ्यालाही कळायला हवं.

बरं, आपल्याला वेगाने खरेदी जमतच नाही, असंही नाही.

फेब्रुवारी २०१९ मध्ये ७२,४०० सिग सॉअर रायफलींचा करार जलद पद्धतीने झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात रायफली यायला लागल्या. जून २०२० मध्ये गलवानला आपले २० जवान धारातीर्थी पडले. जुलैत सैन्यदलांना ३०० कोटींपर्यंतच्या तातडीच्या खरेदीचे अधिकार मिळाले. अट अशी, की सहा महिन्यांत मागणी नोंदवायची आणि वर्षभरात माल यायला लागला पाहिजे. ऑपरेशन सिंदूरनंतर जून २०२५ मध्ये लष्करासाठी एकदम १३ करार झाले, १,९८१.९० कोटी रुपयांचे. त्यात रडारं होती, ड्रोन होते, खांद्यावरून डागायची क्षेपणास्त्रं होती, रात्री नेम धरायला रायफलीवर बसवायच्या दुर्बिणी होत्या. बुलेटप्रूफ जाकिटं आणि हेल्मेटंही होती.

नागपूरचं नागास्त्र-१ पाहा. आकाशात घिरट्या घालून लक्ष्य दिसताच त्यावर झेपावणारं हे अस्त्र. वजन नऊ किलो, म्हणजे जवान ते पाठीवर बांधून डोंगर चढू शकतो. लक्ष्य सापडलं नाही तर पॅराशूटने परत उतरवता येतं. याच तातडीच्या वाटेने ४८० नागास्त्रांची मागणी नोंदवली गेली आणि जून २०२४ मध्ये पहिली १२० हाती पडली. विदर्भातल्या कारखान्यातून थेट लष्कराच्या भांडारात.

म्हणजे जमतं. मग माझा प्रश्न साधा आहे. जे रक्त सांडल्यावर सहा महिन्यांत जमतं, ते रक्त सांडण्याआधी का जमत नाही?

तारखा लावून पाहा. २०१६ ला उरी झालं, तातडीचे अधिकार दिले. २०१९ ला पुलवामा आणि बालाकोट झालं, अधिकार दिले. २०२० ला गलवान झालं, अधिकार दिले. २०२५ ला पहलगाम आणि सिंदूर झालं, पुन्हा दिले. दर वेळी खिडकी उघडते, काही महिने उघडी राहते आणि वातावरण निवळलं की बंद होते. तहान लागली की विहीर खणायची, पाणी लागलं की बुजवायची, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा कुदळ शोधायची. तातडीचे अधिकार ही कर्तबगारी म्हणून सांगितली जाते. मला तो कबुलीजबाब वाटतो. नेहमीच्या वाटेने माल वेळेत येत नाही, हे सरकारने दर वेळी स्वतःच्या सहीने लिहून दिलेलं असतं.

आणि ऐनवेळची विहीर महाग पडते. सगळं एकाच वेळी हवं असतं, विकणाऱ्याला ते ठाऊक असतं, भाव तो सांगेल तो. आपल्याकडच्या लहान कारखान्याला एकदम पाचशे ड्रोनची ऑर्डर मिळते. तो माणसं घेतो, यंत्रं घेतो. ऑर्डर संपते, पुढची कधी येईल माहीत नाही. माणसं जातात, यंत्रं झाकून ठेवतात. पुढच्या संकटात पुन्हा शून्यातून सुरुवात. दर वर्षी थोडं-थोडं घेतलं तर कारखाना टिकतो, हात सराईत राहतात, आणि अडचणीच्या दिवशी दुप्पट माल मागता येतो.

कारगिलमध्ये हे सगळं आपण एकदा भोगलेलं आहे. १९९९ च्या त्या उन्हाळ्यात जनरल वेदप्रकाश मलिक यांना जगजाहीर सांगावं लागलं की जे हाताशी आहे त्यावर लढू. ते शूराचे बोल होतेच. पण सेनापतीवर ते बोलण्याची वेळ का यावी? शत्रूची तोफ कुठून मारा करते आहे ते शोधणारी रडारं पाकिस्तानकडे होती. आपल्या लष्कराने ती कित्येक वर्षांपूर्वी मागितली होती, करार झाला तो युद्धानंतर. युद्धाच्या नावाने जी तातडीची खरेदी झाली, तिचा बहुतांश माल तोफा थंडावल्यावर आला, असं पुढे कॅगनेच सांगितलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. फरक एवढाच, की ज्यांच्यासाठी तो माल मागवला त्यांतले काही तोवर तिरंग्यात गुंडाळून गावी पोचले होते.

आता मुळाशी जाऊ. सही होत नाही, कारण सहीची भीती वाटते. आणि ही भीती उगाच आलेली नाही.

मार्च १९८६ मध्ये ४१० बोफोर्स तोफांचा करार झाला. पुढच्याच वर्षी लाचेचे आरोप उठले, सरकार हादरलं, निवडणूक फिरली. तोफ मात्र खणखणीत निघाली. कारगिलमध्ये टायगर हिलवर, तोलोलिंगवर आपल्या पायदळाला वाट करून दिली ती याच तोफेने. पण सौदा बदनाम झाला आणि शिक्षा तोफखान्याला झाली. पुढची तीन दशकं नव्या तोफेच्या फाइलवर सही करायला कुणी धजेना. नाशिकजवळ देवळालीला, तोफखान्याच्या शाळेत, एम-७७७ आणि के-९ वज्र या नव्या तोफा समारंभाने दाखल झाल्या त्या ९ नोव्हेंबर २०१८ ला. १९८६ ते २०१८. तोफखान्याच्या अधिकाऱ्यांची एक अख्खी पिढी जुन्या तोफांवर शिकून, जुन्या तोफा चालवून निवृत्त झाली.

याच भीतीची दुसरी गोष्ट जॉर्ज फर्नांडिसांची आहे. मुंबईच्या कामगारांचा हा नेता १९९८ मध्ये संरक्षणमंत्री झाला. सियाचीनच्या जवानांसाठी बर्फावर चालणाऱ्या स्कूटरी हव्या होत्या आणि फाइल मंत्रालयात अडली होती. जॉर्जनी ती अडवणाऱ्या अधिकाऱ्यांना हुकूम दिला, की आधी सियाचीनला जाऊन या. थंडी अंगाला लागली तशी फाइल हलली. ही गोष्ट आपल्याला आवडते, आपण ती एकमेकांना सांगतो.

पुढची मात्र सांगत नाही. कारगिलमध्ये हुतात्म्यांचे देह घरी न्यायला शवपेट्या तातडीने मागवल्या. त्यावरून याच जॉर्जच्या नावाने संसदेत रान उठलं. वर्षानुवर्षं चौकशी चालली. अखेर तो खटला न्यायालयात टिकला नाही. पण मंत्रालयातल्या प्रत्येक टेबलाने धडा घेतला. घाईने सही करणारा अडकतो, सही न करणारा कधीच अडकत नाही.

सारं दुखणं या एका वाक्यात आहे. चुकीच्या सहीला चौकशी आहे. न केलेल्या सहीला काहीच नाही. ६३९ कोटींच्या खरेदीत एक कोटी जास्त गेले तर दहा जण हिशेब विचारतील, आणि विचारायलाच हवा. पण नऊ वर्षं जाकीट आलं नाही, त्या नऊ वर्षांचा हिशेब कुणाच्या नावावर आहे? कुठल्या सेवापुस्तकात त्याची नोंद आहे? उशिराची किंमत फाइलवर लिहिली जात नाही. ती किंमत दुसराच कुणी भरतो, आणि त्याला फाइल वाचायचा अधिकार नसतो.

कुणी म्हणेल, घाईत फसगत होते. होते, आणि झालेली आहे. तातडीच्या वाटेने मागवलेल्या ४०० ड्रोनचे तीन करार २०२५ च्या फेब्रुवारीत रद्द करावे लागले, कारण त्यांत चिनी सुटे भाग होते. ते ड्रोन चीनच्याच सीमेवर उडवायचे होते. हा धोका मी हलका मानत नाही. पण त्यातून निघणारा अर्थ हळू चला, असा नाही. पहिल्या दिवशी खोलून बघा, असा आहे. एक ड्रोन उघडून त्यातली सर्किटं तपासायला किती वेळ लागतो? तपासणी कडक हवी आणि ताबडतोब हवी. आपल्याकडे ती उशिरा होते आणि त्या उशिरालाच आपण काळजी म्हणतो.

अमेरिकेसारख्या बलाढ्य देशालाही हा रोग झालेला आहे. इराकमध्ये रस्त्याकडेला पेरलेले सुरुंग सैनिकांच्या गाड्या उडवत होते. २००४ च्या डिसेंबरात कुवेतमध्ये एका साध्या सैनिकाने संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांना तोंडावर विचारलं, की गाड्यांना लावायला पत्रे आम्हाला भंगारात का शोधावे लागतात? फेब्रुवारी २००५ मध्ये मरीन दलाने सुरुंग झेलू शकणाऱ्या १,१६९ गाड्या मागितल्या. तळाला होडीसारखा आकार असलेल्या, स्फोटाचा झोत दोन्ही बाजूंना वळवणाऱ्या अशा या गाड्या. मागणी खितपत पडली. रॉबर्ट गेट्स मंत्री झाले आणि मे २००७ मध्ये त्यांनी सांगितलं, की खात्याचं हे पहिलं काम, बाकी सगळं नंतर. मग कारखाने जुंपले गेले, आणि पुढे अशा वीस हजारांहून अधिक गाड्या झाल्या. गेट्सनी आठवणींत लिहिलं आहे की त्यांचं खातं युद्धाची आखणी करायला बांधलेलं होतं, युद्ध लढायला नव्हे. तिथेही रस्ता मोकळा झाला तो एका वरच्या माणसाने उशीर स्वतःच्या नावावर घेतला तेव्हा.

तेव्हा माझ्या मागण्या थोड्या आहेत आणि साध्या आहेत.

प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर एक तारीख ठळक लिहा. पलटणीने ही वस्तू पहिल्यांदा मागितली त्या दिवसाची. त्याखाली फाइल ज्या-ज्या टेबलावर थांबली ते टेबल, तिथल्या अधिकाऱ्याचं नाव आणि थांबलेले दिवस. बस, एवढं पान. दर सहा महिन्यांनी ते पान संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे जाऊ द्या. जे गुप्त आहे ते बंद दाराआड बघा, पण बघा.

बूट, चष्मे, जाकिटं, हेल्मेटं, लहान ड्रोन यांच्यासाठी तातडीची खिडकी कायमची उघडी ठेवा. तिला उरीची, गलवानची वाट पाहायला लावू नका. पाणबुडीला आणि पायमोज्याला एकच वाट लावणं हा पायमोज्यावर अन्याय आहे. ड्रोनचं तंत्र तर काही महिन्यांत शिळं होतं. युक्रेनच्या आघाडीवर आज चालणारा ड्रोन काही आठवड्यांत जाम करून पाडला जातो. त्याची फाइल दोन वर्षं फिरली तर शेवटी आपण संग्रहालयाची खरेदी करू.

जो ती वस्तू अंगावर घालणार, त्याला चाचणीच्या आणि निर्णयाच्या टेबलावर जागा द्या. सुभेदार साहेबांना विचारा की चढणीवर हे जाकीट घालून श्वास लागतो का. त्यांच्या एका उत्तराने सहा महिन्यांची टिपणं वाचतील.

आणि जो अधिकारी प्रामाणिकपणे, कारणं लिहून, लवकर सही करतो, त्याच्या पाठीशी सरकारने आणि आपण सगळ्यांनी उभं राहायला हवं. हा भाग आपला आहे, वाचकांचा. खरेदीत आरोप झाला की आपण लगेच चोर म्हणतो. उशीर झाला तर आपण काहीच म्हणत नाही. मंत्रालयातल्या भीतीला आपल्या या गप्प बसण्याने खतपाणी मिळतं. लाच खाणाऱ्याला तुरुंगात टाकाच. पण न केलेल्या सहीबद्दलही त्याच आवाजात विचारा. आमदार-खासदार गावात आले की रस्ता आणि पाणी विचारतो, तसं एकदा हेही विचारा. सैनिक घरातून जातो, त्याचं जाकीट कुठून येतं हे घरच्यांनी विचारायचं नाही तर कुणी?

आतेभावाचे ते बूट अजून माळ्यावर आहेत. टाच झिजली आहे, चामडं तडकलं आहे. इश्यू आला होता म्हणे, पण तोवर त्याची पलटण डोंगर उतरून खाली आली होती. परवा ट्रंक साफ करताना त्याला बुटांची पावती सापडली. शाई पुसट झाली आहे, तरी विकत घेतल्याची तारीख नीट वाचता येते. त्याच महिन्यात वर गेलेल्या इंडेंटवरची तारीख कुणी वाचली होती का, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.